मधले वीस फूट

वरून पाहिलं, काही नाही.
खालून पाहिलं, काही नाही.
आणि हिमोग्लोबिन सहा.
नेरूळला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर,
दिवाळे कोळीवाड्यातली पदीबाई नाखवा
फाइल मांडीवर घेऊन
तराजूच्या काट्यासारखी ताठ बसली होती.
"मंग जातंय कुठं रगत?"

मी म्हटलं, मधे वीस फूट आतडं उरतं,
मऊ, ओलं, स्वतःवरच घड्या घालून बसलेलं.
तिथवर वरची नळी पुरत नाही, खालचीही.
तिथं पाहायचं तर एक गोळी आहे
आणि एक फुग्यांची नळी.

गोळी म्हणजे कॅमेरा, जांभळाच्या बीएवढा,
टोकाशी लुकलुकता दिवा.
थांब म्हटलं तर थांबत नाही.
आतडं ढकलेल तिकडं तोंड,
सेकंदाला दोन फोटो, आठ तास.
काही दिसलं तरी हात लावणार नाही,
तिला हातच नाहीत.

नळीचं वेगळं.
परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना
पिन पुढं सारतो, कापड मागं चुणत आणतो,
तसं फुगा फुगवायचा, धरायचं, ओढायचं,
आतडं नळीवर चुणत जातं.
भूल लागते. दोन तास लागतात.
माझे खांदे लागतात, रेजिना सिस्टरचे मनगट लागते.
पण ती मागं वळते, तुकडा काढते, डागते.

पदीबाईनं पदर सारखा केला.
"म्हंजे गोळी ती डोल, नळी तो पाग.
डोल खुंटाला बांदायची, पानी आनील त्ये घ्यायचं.
पाग हातानं फेकायचा.
पन पाग फेकाया आदी मासली दिसाया पायजे."

सात वर्षं मी परिषदांमधून
या दोघींचे तक्ते शेजारी शेजारी पाहत आले होते.

"आन ती गोळी मंग परत द्यायची?"
नको, बाई.
सिस्टर तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली.

रेकॉर्डर कमरेला, जिथं एरवी पैशांचा बटवा,
तो बांधून ती थेट बाजारात जाऊन बसली.
संध्याकाळी पट्टा सोडला
तर त्याला दोन खवले.

रात्री मी वाचायला बसले.
सत्तावन्न हजार फोटो.
ओल्या मखमलीचे केस, बुडबुडे, पिवळं पाणी,
टोमॅटोची एक बी, बराच वेळ सोबतीला.
खिडकीत पाम बीच रोडचे दिवे,
ते तरी एका जागी.
तीन तास बारा मिनिटांवर
पिंजरीचा ठिपका.
पुढच्या फोटोत नाही. मागच्यात नाही.
अर्धा सेकंद, बस.

आणि ही तर वेळ झाली, पत्ता नव्हे.
गोळी अंतर मोजत नाही.
कुणास ठाऊक, एखाद्या वळणावर
तासभर रेंगाळलीही असेल.

गुरुवारी नळी.
फुगवा, धरा, ओढा. फुगवा, धरा, ओढा.
दीड तास नुसत्या चुण्या.
मग दोन ठिपके, जोडीनं बसलेले,
जे गोळीनं पाहिलेच नव्हते.
तिथून जाताना तिची बहुधा पाठ असावी.
डागले.
आणखी पुढं तिसरा. तो बहुतेक माझा.
बहुतेक, असं रिपोर्टात लिहिता येत नाही.
तोही डागला.
नंतर मात्र नळी जाईना.
भिंतीत शाईची खूण टोचली आणि परत फिरले.

खुणेच्या पलीकडं
गोळी जाऊन आली, पण जाता जाता.
नळी पोचलीच नाही.
हे पदीबाईला सांगायला हवं होतं
आणि मी सांगितलं, तीन महिन्यांनी,
हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्यावर,
जरा धीर आल्यावर. मला.

ती म्हणाली, "ती शाई हाय अजून?"
आहे. ती जात नाही.
"मंग राहू दे.
आमी बी जालं काढलं
तरी खुंट खाडीतच ठेवतो."